पडद्यावरील पाठ, शेजारी पालक

वाशीम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून झाली. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर, त्यातही सोयाबीन, तूर आणि कापूस या पिकांवर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार १६० असून दर पाच माणसांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. केंद्र शासनाने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत वाशीमची निवड झाली. शिक्षण हा त्या कार्यक्रमाचा एक प्रमुख आधार होता.

अशा जिल्ह्यात मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली आणि पाठ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला. पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या. पडदा मात्र घरातून गेला नाही. गृहपाठ आता पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, सुटीतील उपक्रम त्यावरूनच कळविले जातात, पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतातून चित्रफीत उघडते. म्हणजे घर आणि शाळा यांच्यातील हा नवा दुवा कायमचा झाला आहे. त्या दोन वर्षांत काय साधले, काय निसटले आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार म्हणूनच आजही उपयोगाचा आहे.

शाळा बंद झाल्या तेव्हा

टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला सुरू केली. ‘दीक्षा’ या शासकीय उपयोजनावरील पाठांचे दुवे शिक्षकांमार्फत पालकांपर्यंत पोहोचविण्यात येऊ लागले. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ या मालिकेचे प्रक्षेपण सुरू झाले. घरात आणि परिसरात जे उपलब्ध आहे त्याच्या साहाय्याने मुलाने शिकावे, ही तिची दृष्टी होती. नागपूर विभागात आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम ऐकविण्यात आला. सोलापुरातील नीलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. ज्या घरात भ्रमणध्वनी नाही त्या घरातील मुलालाही येता-जाता अक्षर दिसावे, एवढा साधा विचार त्यामागे होता, आणि तो अनेक महागड्या योजनांपेक्षा शहाणपणाचा होता असे आमचे मत आहे.

दूरस्थ साधनांनी शिकविण्याचा प्रयोग आपल्या राज्याला अगदी नवा नव्हता. १९८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणी या संस्थेने मुलांसाठी तयार केलेले शैक्षणिक कार्यक्रम एका पिढीने दूरदर्शनवर पाहिले आहेत. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याही पूर्वी, पडद्याचे नावही नसताना, शाळा मुलांकडे नेण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी व कोसबाड परिसरात केले. आदिवासी मुले गुरे घेऊन रानात जातात, ती शाळेत येऊ शकत नाहीत, असे दिसताच त्यांनी कुरणातच शाळा भरविली. आज सर्वांच्या तोंडी असलेला अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कार्यातून आला. मुलाच्या दिनक्रमात शाळेने बसावे, हे जे सूत्र त्यांना सापडले होते, त्याचाच २०२० मध्ये अनेक ठिकाणी विसर पडला.

शाळा पुन्हा उघडण्याची वाट सरळ नव्हती. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास अनुमती मिळाली. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील एका निवासी शाळेच्या वसतिगृहात दोनशेहून अधिक विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले आणि वाशीमचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत आले. त्या मुलांत शेजारच्या जिल्ह्यांतील मुलेही होती. दुसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, तर पहिलीपासूनचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस खंड पडला. म्हणजे मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल जेव्हा वर्गात परतले, तेव्हा ते तिसरीत होते. मधली संपूर्ण दुसरी त्याने घरी काढली होती.

यंत्र पोहोचले, वेळ पोहोचली नाही

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय असल्याचे आढळले होते. त्यानंतरच्या काळात स्मार्टफोन वेगाने पसरले. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. अनेक पालकांनी पोटाला चिमटा घेऊन मुलासाठी फोन घेतला. पण त्याच २०२१ च्या पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. घरात स्मार्टफोन असूनही २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता.

याचे कारण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातील फोन हा घरातील कर्त्या माणसाच्या खिशात असतो आणि त्याच्याबरोबर सकाळी शेतात जातो. शाळेचा ऑनलाईन तास सकाळी दहाला असेल तर तो तास बांधावर वाजतो. घरात बसलेल्या मुलाला त्याचा पत्ता नसतो. जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीची धांदल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीची. या दोन्ही वेळी घरातील फोनच काय, घरातील मोठे माणूसही दिवसा मिळत नाही. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा तो आधी मोठ्या भावाच्या हाती जातो, मग धाकट्याच्या आणि उरलाच तर मुलीच्या. तोवर तिला भाकरी थापायला बसावे लागलेले असते.

ज्या घरात एकच फोन आहे तेथे म्हणून फोनचेच वेळापत्रक असावे लागते. थेट तासाला हजर राहण्याचा आग्रह शक्य नसेल तर शिक्षकांना तसे स्पष्ट सांगावे आणि पाठाची चित्रफीत किंवा गृहपाठ रात्री उतरवून घ्यावा. एकदा फोनमध्ये साठविलेला पाठ संपर्क नसतानाही पाहता येतो. कोणत्या मुलाने कोणत्या वेळी फोन घ्यायचा हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले तर रोजची भांडणे टळतात, आणि मुलीचे नाव त्यात पहिले लिहिले तर तिचा पाठ बुडत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी शाळेत जाऊन मुलांच्या पुढील शिक्षणाची विचारणा अवश्य करावी. मूल आजी-आजोबांकडे ठेवायचे, हंगामी वसतिगृहाच्या सोयीचा लाभ घ्यायचा, की मुक्कामाच्या गावच्या शाळेत बसवायचे, हे जाण्याआधी ठरले पाहिजे. उसाच्या फडातून फोनवर शिक्षण होईल असे गृहीत धरणे म्हणजे मुलाचे वर्ष पाण्यात घालणे होय.

‘आम्हांला कुठे वाचता येते?’

घरी शिकणाऱ्या मुलाच्या पालकांशी बोलताना हा प्रश्न हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्यातील स्त्री-साक्षरता ७५ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे दर चार स्त्रियांपैकी एक निरक्षर होती. त्यातील अनेक जणी आज आई किंवा आजी आहेत. शिवाय मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान असलेल्या या जिल्ह्यात तांड्या-तांड्यांतून घरात गोरमाटी बोलली जाते आणि मूल मराठी शिकते ते शाळेत. अशा घरात पडद्यावरील मराठी पाठाला मदत कोणी आणि कशी करायची?

पालकाने शिक्षक व्हावे अशी अपेक्षाच मुळी चुकीची आहे. मुलाला हवा असतो तो श्रोता. पाठ पाहून झाल्यावर फोन बाजूला ठेवावा आणि ‘आज काय पाहिलंस, मला सांग’ एवढेच म्हणावे. मूल जेव्हा पाहिलेले आठवून, जुळवून, आपल्या शब्दांत सांगते तेव्हाच ते पक्के होते. नुसते दुसऱ्यांदा पाहिल्याने तसे होत नाही, हे शिक्षणशास्त्रातील प्रयोगांनी वारंवार दाखवून दिले आहे. ते सांगणे गोरमाटीत झाले तरी काही बिघडत नाही, उलट लाभच होतो. बाष्पीभवन म्हणजे काय हे जे मूल आपल्या आईला घरच्या बोलीत समजावून देऊ शकते, त्याला ते खरोखर समजलेले असते. मराठी शब्द त्यावर नंतर सहज बसतो. आणि जे मूल मराठी व्याख्या धडाधडा म्हणते पण आईला सांगताना अडखळते, त्याने केवळ पाठांतर केलेले असते. निरक्षर आईला हा फरक ताबडतोब कळतो. तिला अडले तर ‘मला नाही समजलं, पुन्हा सांग’ असे तिने मोकळेपणाने म्हणावे. मुलाला त्याचा कंटाळा येत नाही. आईला शिकविण्यात त्याला मोठेपणा वाटतो.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२० मध्ये ऑनलाईन वर्गांच्या वेळा ठरवून दिल्या, तेव्हा पूर्वप्राथमिक मुलांसाठी व पहिली-दुसरीसाठी राखलेल्या वेळेत पालकांशी संवाद साधण्याचाही समावेश होता. ही तरतूद अनेक ठिकाणी दुर्लक्षित राहिली. वास्तविक ती त्या साऱ्या आदेशातील सर्वांत दूरदर्शी ओळ होती. सहा-सात वर्षांचे मूल पडद्यावरच्या माणसाकडून शिकत नाही, शेजारच्या माणसाकडून शिकते.

गणिताच्या बाबतीत तर शेतकऱ्याचे घर कोणत्याही पडद्यापेक्षा समृद्ध आहे. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावून दशक-एकक शिकविता येते. पडद्यावर बोट फिरवून ते हाताला कळत नाही. युरियाच्या पोत्यावर ४५ किलो लिहिलेले असते. सहा पोती आणली तर किती किलो झाले, हा तिसरी-चौथीचा गुणाकार आहे. सोयाबीनचे बियाणे एकरी ३० किलो लागते. मग साडेतीन एकराला किती, हे पाचवीतल्या मुलाला विचारावे. किराणा दुकानाची चिठ्ठी, बाजार समितीची पट्टी, विजेचे देयक, औषधाच्या बाटलीवरील मुदतीची तारीख हे सगळे वाचनाचे पाठ आहेत. ते मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. येथे एक लाभ असा, की मुलाला आपण घरातील खऱ्या कामाला उपयोगी पडतो असे दिसते. मात्र शेतातील कामाला जुंपणे आणि कामातून शिकविणे यांतील सीमारेषा पालकांनी ओळखली पाहिजे. निंदणीला दिवसभर गेलेले मूल रात्री काहीही शिकत नाही.

किती वेळ आणि कशा रीतीने

वर उल्लेखिलेल्या शासन आदेशानुसार पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटे, पहिली-दुसरीसाठी ३० मिनिटांची दोन सत्रे, तिसरी ते आठवीसाठी ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी ४५ मिनिटांची चार सत्रे ही मर्यादा होती. केंद्र शासनाच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांतही जवळपास हेच प्रमाण होते. ही मर्यादा साथीपुरती ठरविली गेली असली तरी घरात आजही मोजपट्टी म्हणून वापरण्याजोगी आहे. पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका चांगला, असे सुचविले आहे. जेवताना तान्ह्या मुलासमोर फोन ठेवण्याची जी प्रथा आता खेड्यांतही पडली आहे, तिचे समर्थन कोणत्याही शास्त्रात सापडणार नाही.

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, म्हणून डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला सोपा आहे. अंगणातल्या लिंबाकडे पाहिले तरी पुरे. दृष्टी जवळची होण्याचा धोका उघड्यावरील प्रकाशात खेळणाऱ्या मुलांत कमी असतो, हेही संशोधनाने सिद्ध झाले आहे. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा खेळ हा अभ्यासातून चोरलेला वेळ समजू नये. विदर्भातील उन्हाळ्यात दुपारी मुले घरात कोंडली जातात आणि हाती फोन येतो. त्या वेळी गोट्या, सागरगोटे, चिंचोके, चित्रे, गोष्टी यांची जुळवणी आधीच केलेली बरी.

रात्री उशिरापर्यंत पडदा पाहिल्याने झोपेचे चक्र बिघडते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. म्हणून ज्या घरात फोन रात्रीच मिळतो, तेथे पाठ जेवणापूर्वी उरकावा आणि जेवणानंतर फोन मोठ्यांनी आपल्या उशाशी न ठेवता घरात एका ठरलेल्या जागी ठेवावा. मुलांना लावायचा नियम मोठ्यांनी पाळला नाही तर तो आठवडाभरही टिकत नाही.

फोन कशासाठी वापरला जातो यावरही लक्ष हवे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ज्या ग्रामीण मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता. अभ्यासाच्या नावाने घरात आलेला फोन अभ्यासाचाच राहील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अनोळखी व्यक्तीशी बोलणे, छायाचित्र पाठविणे, पैशांचे खेळ खेळणे यांचे धोके मुलांना धमकावून नव्हे तर समजावून सांगावेत. फसवणूक झालीच तर ते मूल आपल्याकडे न घाबरता येईल, एवढा विश्वास घरात असावा. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

मन आणि शरीर

शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हेत. शाळेत मुलाला मित्र भेटतात, दुपारचे गरम अन्न मिळते, घरातील ताणापासून काही तास सुटका होते. साथीच्या काळात पोषण आहाराचा तांदूळ व डाळी कोरड्या स्वरूपात घरी देण्यात आल्या. पण पंगतीत बसून जेवण्याचा आनंद काही घरी पोहोचविता आला नाही. आजारपण, स्थलांतर किंवा अन्य कारणाने मूल दीर्घकाळ घरी राहिले तर त्याला आठवड्यातून दोन-तीनदा तरी बरोबरीच्या मुलांत बसू द्यावे. तीन-चार मुलांनी ओसरीवर एकत्र बसून एका फोनवर पाठ पाहिला तर फोनही पुरतो आणि सोबतही होते.

मूल कष्टी असल्याचे ते क्वचितच शब्दांत सांगते. झोप उडणे, जेवण कमी होणे, पूर्वी न करणारे मूल अंथरुण ओले करू लागणे, विनाकारण चिडणे, खेळायला जाण्याचे टाळणे, पोटदुखीची वारंवार तक्रार ही त्याची भाषा असते. कर्ज, नापिकी, आजार यांनी घर त्रासलेले असेल तर मुलाला ते कळत असतेच. त्याच्यापासून सारे लपविण्यापेक्षा त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगितलेले बरे. दोन आठवड्यांहून अधिक काळ ही लक्षणे राहिली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. ‘टेलि-मानस’ ही शासनाची निःशुल्क मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. शाळा सुटली की घरकाम वाढते, घरकाम वाढले की अभ्यास सुटतो आणि अभ्यास सुटलेली मुलगी लग्नाची वाटू लागते. मुलीचे वय १८ पूर्ण होण्यापूर्वी तिचे लग्न लावणे हा २००६ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. असे लग्न ठरत असल्याचे कळताच कोणीही १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर माहिती देऊ शकते.

मागे राहिलेले मूल कसे ओळखावे

साथीनंतरच्या २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशातील ग्रामीण तिसरीच्या मुलांपैकी केवळ २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २७.३ टक्के होते. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. घट भरून निघाली ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु भरून निघाल्यावरही चारांपैकी जवळपास तीन मुलांना तो मजकूर वाचता येत नाही, हे विसरून चालणार नाही. शिवाय २०२२ मध्ये तिसरीत अडखळणारी मुले आज वरच्या वर्गांत आहेत, आणि वरच्या वर्गात कोणी त्यांना अक्षरओळख विचारीत नाही.

ही तपासणी घरी करता येते. आपले मूल चौथीत, सहावीत किंवा आठवीत असले तरी दुसरीच्या मराठी पुस्तकातील न पाहिलेला उतारा त्याच्यापुढे ठेवावा आणि मोठ्याने वाचायला सांगावे. ते शब्दाशब्दाला थांबत असेल, तर पालक निरक्षर असला तरी ते कानांना समजते. अशा मुलाला रागावू नये, भावंडांसमोर चिडवू नये. त्याला वरच्या वर्गाच्या चित्रफिती दाखविण्यात अर्थ नाही. त्याला रोज अर्धा तास सोप्या गोष्टींचे वाचन हवे. गावातील बारावी झालेली ताई किंवा दादा हे काम शिक्षकाइतकेच चांगले करू शकतात.

त्याचबरोबर ही बाब शाळेत मांडली पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ अन्वये शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गणवेश आणि इमारत यांवर समितीच्या सभांत पुष्कळ बोलले जाते. ‘आमच्या वर्गातील किती मुलांना सलग वाचता येते?’ हा प्रश्न तेथे कोणत्याही आईने विचारावा; त्याचे उत्तर इयत्तावार आकड्यांत मागावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मागावे.